काखेत कळसा

माझं आयुष्य बोरिवलीत गेलं असं मी सांगतो, पण ते तितकंसं खरं नाही. माझं आयुष्य बोरिवली ते चर्चगेट या लोहमार्गावर गेलं. बोरिवलीत मी फक्त झोपायला असायचो. सदतीस वर्षं आठ-बाराची लोकल पकडणाऱ्या माणसाला आपलं गाव दिसतं ते दोनदाच, सकाळी धावताना आणि रात्री भाजीची पिशवी सांभाळताना. दोन्ही वेळा नजर खाली असते. सकाळी घड्याळाकडे, रात्री खड्ड्यांकडे.

पाहुणे आले की आम्ही बोरिवलीकर त्यांना नॅशनल पार्कात नेतो. पाहुणे हौशी असले तर कान्हेरीला पिटाळतो, आणि फारच दिवस राहिले तर गोराईच्या खाडीपलीकडे सोडून येतो. मंडपेश्वरला मात्र मी कधी कुणाला नेलं नव्हतं. नेणार कसा? मीच गेलो नव्हतो. नाव तोंडात रोज. ‘मंडपेश्वर रोडला घ्या’ असं रिक्षावाल्याला आयुष्यात हजारदा तरी सांगितलं असेल. पण रस्त्याला नाव असतं म्हणजे त्या नावाचं काही तरी असतं, हा विचार शिवला नाही. लेण्याशेजारच्या वस्तीला आय. सी. कॉलनी म्हणतात. त्यातला ‘आय’ इंडस्ट्रियलचा असणार अशी माझी इतकी वर्षं खात्री होती.

ही अब्रू शेवटी गेली ती इंग्लंडात.

मुलगी साउदॅम्प्टनला असते. तिच्या बाळंतपणाला सौभाग्यवती निघाल्या, आणि डिंक, अळीव, सुंठ वगैरे सामानाबरोबर मीही गेलो. बाळ दीड महिन्याचं झाल्यावर जावईबापूंनी आम्हांला जवळच्या विंचेस्टरचं कॅथेड्रल दाखवायला नेलं. माझी अपेक्षा बेताची होती. मोठं चर्च असेल, मेणबत्त्या असतील, बाहेर कॉफी मिळेल. तिथे आम्हांला एका आजीबाईंच्या ताब्यात देण्यात आलं. निवृत्त शिक्षिका, फुकट माहिती सांगायला येणाऱ्या. वयानं माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या आणि चालण्यात माझ्या दुप्पट.

पहिल्या पाच मिनिटांतच माझ्या लक्षात आलं, की या बाई कॅथेड्रलचा इतिहास सांगत नाहीत, त्याच्या दुखण्याखुपण्यांचा पाढा वाचताहेत. १०७९ साली बांधकाम सुरू. ११०७ साली मधला मनोरा कोसळला. का कोसळला? तर सात वर्षांपूर्वी दुसऱ्या विल्यम नावाच्या दुष्ट राजाला त्याच्याखाली पुरलं होतं म्हणून, असं तेव्हाचे लोक म्हणत. “आणि खरं कारण?” मी विचारलं. “वाईट बांधकाम,” आजीबाई म्हणाल्या. आमच्या सोसायटीचा जिना आठवून मी मान डोलावली.

मग खांब. ते जाडजूड, वाटोळे, जुन्या नॉर्मन पद्धतीचे होते. चौदाव्या शतकात फॅशन बदलली. उंच, सडसडीत, वर निमुळते होत गेलेले खांब हवेसे वाटू लागले. आता आपण असतो तर बिल्डरला बोलावून पाडून नवं बांधलं असतं. तिथल्या बिशप महाशयांनी बरेच जुने खांब जागच्या जागी तासून घेतले. म्हणजे आज जो डौलदार खांब दिसतो, त्याच्या पोटात तो जुना जाड्या अजून उभा आहे. हे ऐकून सौ.नं माझ्याकडे जरा निरखून पाहिलं.

पश्चिमेची अवाढव्य खिडकी तर गंमतच. रंगीत काचांचे संत होते तिच्यात. १६४२ साली यादवी युद्धात पार्लमेंटच्या शिपायांनी ती फोडली. राजांच्या हाडांच्या पेट्या उघडून त्यांतलीच हाडं काचांवर फेकली म्हणे. १६६० मध्ये राजा परत आल्यावर लोकांनी जमवलेले तुकडे पुन्हा बसवले, पण कुठल्या संताचा कुठला हात हे कुणाला सांगता येईना. मग बसवले तसेच, जमेल तसे. आज त्या खिडकीत कुठे अर्धी दाढी दिसते, कुठे नुसता एक डोळा, आणि सगळीकडून ऊन येतं. नवी खिडकी करायचं कुणाच्या मनात आलं नाही.

आणि शेवटी तो पाणबुड्या! जमीन दलदलीची. पूर्वेची बाजू खचू लागली. पाया दुरुस्त करायला खणावं तर खड्ड्यात पाणी. मग विल्यम वॉकर नावाचा पाणबुड्या १९०६ ते १९११ अशी पाच वर्षं रोज सहा-सहा तास काळ्याकुट्ट पाण्यात उतरून, नुसत्या हातांनी चाचपत, सिमेंट काँक्रीटची पोती रचत राहिला. एकूण पोती पंचवीस हजारांवर. चर्च वाचलं. पुढे त्याचा पुतळा केला, तो शिल्पकाराच्या हाती भलताच फोटो पडल्यामुळे त्याच्या इंजिनियर साहेबाचा झाला! २००१ साली दुसरा पुतळा बसवून ती चूक दुरुस्त केली. सदतीस वर्षं कचेरीत काढलेल्या मला यात नवल वाटलं नाही. बुडी शिपायाची, फोटो साहेबाचा, ही सार्वत्रिक पद्धत आहे.

निघताना आजीबाईंनी विचारलं, “तुम्ही राहता तिथे आहे का असं काही जुनं?”

आता इथे ‘नाही’ म्हणून सुटता आलं असतं. पण साहेबाच्या देशात आलेल्या माणसाचा स्वाभिमान कुठे जागा होईल सांगता येत नाही. मी म्हणालो, “आहे ना! माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर. देऊळ आहे आणि चर्चही. एकाच जागेत.” (एवढं वर्तमानपत्रात वाचलं होतं.)

आजीबाईंचे डोळे चमकले. “एकाच इमारतीत? मग सांधा कुठे दिसतो?”

सांधा! मी जावयाकडे बघितलं, जावई कॉफीकडे बघत होता. सौ. शुद्ध मराठीत, पण सगळ्या कॅथेड्रलला ऐकू जाईल अशी म्हणाली, “अहो, कधी गेलाय का तुम्ही तिथं?”

परत आल्यावर पहिलं काम म्हणून मी वाचनालयात जाऊन बसलो, आणि दुसरं काम म्हणून वसईकराला फोन केला. वसईकर म्हणजे आमच्या आठ-बाराच्या टोळीतला. नाव वेगळं आहे, पण घर वसईचं, शिवाय रोज वसईची केळी आणायचा, म्हणून सगळे वसईकरच म्हणत. जातीचा ख्रिस्ती, बोलायला माझ्याहून अस्सल मराठी. तीस वर्षं आम्ही एका बाकावर बसलो. महागाई, बॉसची बदली, पोरांचे मार्क, गुडघे, सगळ्या विषयांवर बोललो. एका विषयावर कधीच बोललो नाही. तो विषय त्या दिवशी निघायचा होता.

मंडपेश्वर ही एका ठेंगण्या टेकडीच्या पोटात खोदलेली शंकराची लेणी. सहावं शतक की आठवं, यावर अभ्यासकांची घासाघीस चालते. आपण मधलं धरून चालू, म्हणजे विंचेस्टरचा पहिला दगड बसण्याच्या निदान तीनशे वर्षं आधी. घारापुरी आणि जोगेश्वरी यांच्या गोतावळ्यातली. पुढे खांबांची ओसरी, आत मंडप, त्याच्या आत गाभारा आणि पिंडी, बाजूंना दालनं. खडक मात्र गुळगुळीत काळा नव्हे. ज्वालामुखीच्या राखेत खडे कालवून थापल्यासारखा भरड. त्यामुळे दीड हजार पावसाळ्यांनी देवांची नाकंडोळी पुष्कळ झिजवलीत.

तिथे उभं राहिल्यावर मला आजीबाईंच्या प्रश्नातली मेख कळली. लेण्याला सांधा नसतोच! घर बांधतात खालून वर, एकावर एक दगड ठेवून. म्हणजे ती बेरीज झाली. लेणं म्हणजे नुसती वजाबाकी. खांब बसवलेला नसतो, खांब सोडून बाकीचा डोंगर काढून टाकलेला असतो. पाया नाही, चुना नाही, जोड नाही. आणि चूक झाली तर ती पुसायची सोय नाही. तेव्हा मंडपेश्वरात जिथे सांधा दिसेल, जिथे चुन्यात बसवलेला दगड दिसेल, तिथे समजायचं की इथे नंतर कुणी तरी येऊन गेलं.

आलं ते कोण, हे सांगायला शाळेतला इतिहास पुरतो. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहानं वसई आणि तिच्याबरोबर साष्टी पोर्तुगीजांना देऊन टाकली. साष्टी म्हणजे आजचं वांद्र्यापासून दहिसर-भाईंदरपर्यंतचं सगळं. आमची सोसायटीसुद्धा त्यातच गेली म्हणायची. मागोमाग फ्रान्सिस्कन पाद्री आले. त्यांतला अंतोनियो दो पोर्तो हा मोठा खटपट्या माणूस. देवळं पाडणं आणि चर्चं बांधणं ही दोन्ही कामं त्यानं सारख्याच उत्साहानं केली. मंडपेश्वर पाडणं त्याला शक्य नव्हतं, कारण डोंगर पाडणार कसा? मग त्यानं ते वापरलं. पुढून भिंत घालून लेण्याचं चर्च केलं, आणि वर टेकडीच्या माथ्यावर दगडी मठ उभारला. तिथे मुलांना शिकवायला पाठशाळाही झाली. नावाचंही बाप्तिस्मा झाल्यासारखंच झालं. मंडपेश्वरचं पोर्तुगीज कागदांत मोनपेसेर झालं, आणि इंग्रजांच्या लेखणीतून उतरताना मोंपेझिर! एखाद्या फ्रेंच अत्तरासारखं. आय. सी. कॉलनीतली ती दोन अक्षरंही ‘इमॅक्युलेट कन्सेप्शन’ची, म्हणजे मेरीमातेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या चर्चची. माझं इंडस्ट्रियल तिथेच गळून पडलं.

१६९५ साली जेमेल्ली कारेरी नावाचा नेपल्सचा वकील जगप्रदक्षिणेला निघाला होता, तो इथे येऊन गेला, आणि पुढे कान्हेरीही बघून आला. हे वाचून मी मान खाली घातली. नेपल्सचा माणूस शिडाच्या जहाजातून मंडपेश्वरला पोचतो, आणि मी पंधरा मिनिटांवरून पोचत नाही.

नटराजाचं दालन बघितलं. वाटेतल्या मूर्तींची झिजलेली तोंडं बघून आलेल्याला तिथे एकदम थांबावंच लागतं. शंकर नाचतोय, हात चहूकडे फेकलेत, भोवती देवमंडळी गर्दी करून बघताहेत. हा पट्ट इतका बरा राहिला, कारण मधली कित्येक वर्षं तो भिंतीआड, गिलाव्याखाली होता. चर्चमध्ये नाचणारा शंकर नको म्हणून पाद्र्यांनी झाकला, तर पावसापासून आणि पोरांच्या दगडांपासून तो तेवढा वाचला. आता याबद्दल पाद्र्यांचे आभार मानावेत असं कुणी म्हणालं तर मी मानणार नाही. त्यांनी राखायला झाकला नव्हता. पण चुन्याला कुठे हेतू कळतो?

त्याच लेण्यात एका भिंतीवर क्रूस आहे. दगडी, चांगला मोठा. तो बाहेरून आणून बसवलेला नाही. भिंतीवरचं जुनं कोरीवकाम तासून त्यातूनच काढलेला. विंचेस्टरचे खांब तासले तेव्हा मला कोण कौतुक वाटलं होतं! इथे मात्र छातीत काही तरी चमकलं आणि मी बोलून गेलो, “बघ. तुमच्या लोकांनी काय करून ठेवलं!”

वसईकर काही बोलला नाही. सौ. गाभाऱ्यात पिंडीला बेल वाहत होती, तिचाही हात थांबला. तीस वर्षांत ‘तुमचे लोक’ हा शब्द आमच्या बाकावर कधी बसला नव्हता.

“वर चल,” तो म्हणाला.

वर गेलो. माथ्यावर त्या मठाचे अवशेष आहेत. छप्पर गेलेलं, जाड भिंती उभ्या, कमानींतून आभाळ, फटींतून पिंपळाची रोपं. हे कुणी केलं, तेही शाळेत शिकलो होतो. १७३७ मध्ये मराठे साष्टीत उतरले, १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसई घेतली. त्या धड्याला मला परीक्षेत दहापैकी नऊ मार्क होते. मठ ओस पडला, खाली लेण्यात पुन्हा शंकराची पूजा सुरू झाली. पण राज्यं बदलायची थांबली नाहीत. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी साष्टी घेतली. इंग्रजी अमदानीत लेण्यात परत ख्रिस्ती प्रार्थना झाल्या, आणि शेवटी जागा पुरातत्त्व खात्याकडे गेली. हे खातं कुठलाच देव मानत नाही, फक्त पाटी लावतं.

वसईकरानं छपराविना उभ्या असलेल्या त्या भिंतींत उभं राहून हातानं छातीवर क्रूस काढला. मग एका दगडावर बसला आणि गुडघा चोळत म्हणाला, “माझी आजी वसईच्या किल्ल्यातल्या पडक्या चर्चात न्यायची आम्हांला. म्हणायची, इथल्या घंटा गेल्या. कुठं गेल्या, तर म्हणायची, देवळात गेल्या, चांगल्या ठिकाणी आहेत.”

हे खरंच आहे. वसईच्या मोहिमेनंतर चर्चांतल्या पोर्तुगीज घंटा महाराष्ट्रभर देवळांतून टांगल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळाला तर लोक घंटेवरूनच ओळखतात. भीमाशंकरच्या घंटेवर क्रूस आहे, १७२९ साल आहे. मी स्वतः ती दोनदा वाजवली आहे, पुढचा माणूस सरकत नव्हता म्हणून जरा जोरातच. तिच्यावर काय कोरलंय ते बघितलं नव्हतं. सवयच नाही.

“आता हिशेब कर,” वसईकर म्हणाला. “तुझे खांब आमच्या चर्चात, आमच्या घंटा तुमच्या देवळात. कोण कुणाचं देणं लागतो?”

“तसं नाही रे, मी म्हणालो ते—”

“थांब. तू म्हणालास, तुमचे लोक. पोर्तुगालहून पाद्री आले असतील किती? माझा खापर-खापरपणजोबा काही लिस्बनहून आला नाही. तो इथलाच. कुठे तरी नांगर धरत असेल, नाही तर मासे मारत असेल. त्या पाद्रीबाबाचा मुक्काम पडायच्या आदल्या वर्षी महाशिवरात्रीला तो असल्याच एखाद्या पिंडीपुढे बसला असणार. मग एके दिवशी सांगितलं, आता इकडे बसायचं. स्वतःहून बसला की बसवला, कुणास ठाऊक. देऊळ त्याचं गेलं, आणि दोनशे वर्षांनी चर्च गेलं तेही त्याचंच. तुझं काय गेलं? तुझे लोक तर घाटावरचे!”

हेही खरंच होतं. आमचं मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं. बोरिवलीशी आमचा संबंध वडिलांनी १९७४ साली ब्लॉक घेतला तेव्हापासूनचा. तोही कर्ज काढून.

मला काही सुचेना. सॉरी म्हणावं तर ते इंग्रजीत फार स्वस्त झालंय, आणि मराठीत त्याला बरा शब्द नाही. तेवढ्यात सौ. वर आली. तिनं आमच्या दोघांची तोंडं बघितली, पिशवीतून डबा काढला आणि म्हणाली, “भाऊजी, पिंडीपुढे ठेवलेला नारळ आहे. चालेल ना?”

“न चालायला काय झालं, वहिनी?” वसईकर म्हणाला. “पहिली वेळ थोडीच आहे!”

खोबरं खाऊन होईतो ऊन उतरलं. खाली रखवालदार शिट्टी वाजवू लागला. जाता जाता मी पुन्हा त्या क्रुसापाशी थांबलो. रखवालदार आणि सौ. दोघांची नजर चुकवून, हात न लावता, नाक भिंतीला टेकेपर्यंत वाकून पाहिलं. क्रुसाला सांधा नाही. तोही त्याच खडकाचा, खांब आणि नटराज ज्या खडकाचे त्याच. छिन्नीचे घाव तेवढे वेगळे. पाद्र्याचा पाथरवट कुठला असेल? इथलाच असणार. त्याचा आजा-पणजाही देव घडवणारा असेल का, असं आपलं मनात आलं.

घरी येऊन विंचेस्टरच्या आजीबाईंना जावयाकरवी निरोप धाडला. दगडचुन्याचे सांधे वरच्या मठात पुष्कळ आहेत, खाली शोधूनही हाती लागले नाहीत, फोटो सोबत जोडले आहेत. त्यांचं उत्तर चार दिवसांनी आलं. त्यांच्या तळघरात हिवाळ्यात पाणी भरतं, आमच्या लेण्यात पावसाळ्यात भरतं का? मी वसईकराला फोन करून विचारलं.

“भरत असणार,” तो म्हणाला. “जुलैत जाऊन बघू. पण त्याआधी भीमाशंकरला जायचं का? वहिनींना दर्शन होईल.”

“तुला काय करायचंय भीमाशंकरला?”

“घंटा बघायचीय,” वसईकर म्हणाला. मग जरा थांबून, “वाजवू देतील ना रे मला?”